घरातल्या निवडुंगावर कीड पडली तर

निवडुंगावर कीड पडल्याचे बहुतेक वेळा उशिरा लक्षात येते. इतर झाडांची पाने पिवळी पडतात, मान टाकतात, गळतात, आणि काहीतरी बिघडले आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळते. निवडुंग मात्र जाड खोडात साठवलेल्या पाण्यावर आणि अन्नावर कित्येक महिने काढू शकतो, त्यामुळे मुळांतला रस रोज शोषला जात असला तरी वरून तो धडधाकट दिसत राहतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. पानांच्या झाडावर किडीने खाल्लेले पान गळून नवे पान येते, पण निवडुंगाचे हिरवे खोड हेच त्याचे अन्न तयार करण्याचे ठिकाण असते आणि त्याच्या सालीवर एकदा पडलेला डाग ते खोड जिवंत असेपर्यंत तसाच राहतो. म्हणूनच कीड मारण्याच्या उपायांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती वेळेवर दिसण्याला महत्त्व आहे.

दिसलेली कीड मारणे फारसे अवघड नसते. बहुतेक जण हरतात ते दोन जागी : पहिल्या उपायानंतर झाड स्वच्छ दिसले की ते थांबतात, आणि मातीखाली पाहायचे राहून जाते.

पाहण्याची पद्धत

दहापट मोठे दाखवणारे एक लहान भिंग, एक टॉर्च, मऊ केसांचा रंगकामाचा ब्रश आणि एक लाकडी काडी एवढे साहित्य पुरते. टॉर्च समोरून न धरता बाजूने, जवळजवळ खोडाला समांतर धरावा. तिरक्या प्रकाशात सालीवरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो आणि एरवी न दिसणारी खवल्याएवढी कीडही उठून दिसते. शेंड्याचा खोलगट भाग, दोन कण्यांमधल्या (खोडावरच्या उभ्या धारांमधल्या) खाचा, पिल्ले मूळ झाडाला जिथे चिकटलेली असतात ती सांध, मातीला टेकलेला बुंधा आणि कुंडीच्या तळाचे भोक या पाच जागा आधी पाहाव्यात. कीड उघड्यावर सहसा बसत नाही. जिथे बोट पोहोचत नाही आणि औषधाचा फवाराही पोहोचत नाही, तिथेच ती घर करते.

नवख्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ पांढऱ्या लोकरीने होतो. मॅमिलारिया या निवडुंगाच्या अनेक जातींना गाठींच्या मधल्या खाचांत आणि काट्यांच्या बुडाशी जन्मजात पांढरी लोकर असते, आणि अ‍ॅस्ट्रोफायटमच्या सालीवर तर पांढरे ठिपके उपजतच विखुरलेले असतात. ही लोकर पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या मेणाने झाकलेली रस शोषणारी कीड, समजून खरवडणारे आणि पिठ्या ढेकणाला लोकर समजून सोडून देणारे असे दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिले आहेत. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. झाडाची स्वतःची लोकर काट्यांच्या ओळीने, ठरावीक अंतरावर, सगळीकडे सारखी असते. किडीचा कापूस मात्र एखाद्याच खाचेत, वेडावाकडा, चुरगळलेला दिसतो. तरीही शंका राहिली तर ब्रशचे टोक अल्कोहोलमध्ये बुडवून त्या जागी टेकवावे. लोकर नुसती ओली होते. पिठ्या ढेकणावरचे मेणाचे आवरण क्षणात विरघळते आणि खाली सुमारे तीन मिलिमीटर लांबीचा, गुलाबी किंवा तांबूस रंगाचा, लंबगोल, कडांना बारीक आडव्या रेषा असलेला मऊ देह उघडा पडतो. एकदा हे भिंगाखाली पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

दुसरा गोंधळ तपकिरी डागांचा. निवडुंग जुना झाला की बुंध्याची साल तपकिरी आणि कडक, झाडाच्या खोडासारखी होते. ही वयाची खूण आहे, ती मातीजवळ सुरू होऊन वर्षानुवर्षांत हळूहळू वर चढते आणि तिला कोणताही उपाय नको. लाल कोळी, म्हणजे रस शोषणारे अतिशय बारीक जीव, यांच्यामुळे पडणारा डाग याच्या उलट वागतो. त्यांना कोवळा भाग हवा असतो, त्यामुळे गंजासारखा किंवा राखाडी बारीक चट्टा शेंड्याजवळच्या नव्या वाढीवर सुरू होतो. अशा वेळी कुंडी आडवी करून शेंडा पांढऱ्या कागदावर धरावा आणि हलकेच टिचकी मारावी. कागदावर पडलेल्या धुळीतले काही कण एका मिनिटात चालू लागले, तर ते कोळी आहेत. कोळी हे कीटक नव्हेत. त्यांना आठ पाय असतात आणि त्यांची जात वेगळी असते. हे पुस्तकी वाटले तरी पुढे औषध निवडताना याच एका गोष्टीने फरक पडतो.

खवले कीड म्हणजे सालीला घट्ट चिकटलेले, दोनेक मिलिमीटर व्यासाचे, राखाडी किंवा तपकिरी चकत्यांसारखे ठिपके. नखाने अलगद उचलल्यावर चकती सुटून आली तर ती कीड. सुटली नाही तर तो सालीचाच डाग. कळ्या आणि कोवळे फुटवे यांवर दाटीने बसलेला हिरवा किंवा काळा मावा ओळखायला शिकवावे लागत नाही. फुलांमधून इकडेतिकडे पळणारे, बारीक काडीसारखे फुलकिडे सालीवर चंदेरी ओरखडे आणि त्यांवर विष्ठेचे काळे टिपके मागे सोडतात.

झाडाच्या आसपास मुंग्यांची रांग दिसली तर झाडाला हात लावण्याआधी त्या रांगेचा माग काढावा. पिठ्या ढेकूण, मावा आणि काही प्रकारची खवले कीड गोड चिकट स्राव सोडतात; मुंग्या तो गोळा करतात, त्या बदल्यात या किडींच्या शत्रूंना हुसकावतात आणि किडींची पिल्ले एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत नेऊनही ठेवतात. त्याच चिकट थरावर पुढे काळी बुरशी, म्हणजे काजळी, चढते. काजळी पुसून काढणे हा उपाय नव्हे. वर कुठेतरी रस शोषणारी कीड बसली आहे, एवढाच तिचा अर्थ.

पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी

कीड सापडली की ती कुंडी लगेच इतर झाडांपासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत न्यावी. तिच्या शेजारच्या सगळ्या कुंड्या त्याच दिवशी तपासाव्यात, आणि ती जिथे ठेवलेली होती ती फळी, ताटली आणि भिंतीचा कोपरा साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावा, कारण पिठ्या ढेकणाची नुकती जन्मलेली पिल्ले चालत बरेच अंतर कापतात आणि फळीच्या फटीतही थांबू शकतात. खत पूर्ण बंद करावे. झाड आजारी दिसते म्हणून खत घालण्याची इच्छा होते, पण जादा नत्रामुळे फुटणारी मऊ, रसरशीत वाढ ही रस शोषणाऱ्या किडींसाठी मेजवानीच असते.

पिठ्या ढेकणासाठी माझा भरवसा ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलवर आहे. जखम पुसण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळते तेच. काम खिडकी उघडून आणि विस्तवापासून लांब करावे, कारण अल्कोहोल पटकन पेट घेते. काट्यांच्या दाटीत कापसाचा बोळा अडकतो आणि त्याचे तंतू मागे राहतात, नंतर तेच कीड वाटतात. त्यापेक्षा आखूड केसांचा ब्रश वापरावा. ब्रश बुडवून किडीवर टेकवायचा, मेण विरघळेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबायचे, मग ती कीड उचलून कागदावर पुसायची. नुसते ओले करून सोडून देऊ नये. मादी आपली अंडी कापसासारख्या पिशवीत घालते आणि अशा एका पिशवीत काहीशे अंडी असू शकतात. वरची मादी मेली तरी पिशवीच्या आतली अंडी वाचतात. म्हणून पिशवी समूळ उचलली गेली पाहिजे, आणि जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे लाकडी काडीच्या टोकाने ती उकरून काढली पाहिजे. मोठ्या गोल निवडुंगावर हे काम तासभर चालते. घाई केली तर पुढच्या आठवड्यात तोच तास पुन्हा द्यावा लागतो.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. निळसर किंवा भुरकट दिसणाऱ्या निवडुंगांच्या सालीवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, त्यांचा रंग त्या थरामुळेच असतो, आणि अल्कोहोल, साबण, तेल या तिन्हींनी तो निघून जातो. निघालेला थर जुन्या सालीवर परत येत नाही. अशा झाडाच्या मागच्या बाजूला एका ठिपक्याएवढ्या जागेवर आधी प्रयोग करून दोन दिवस वाट पाहावी, आणि मग कीड असेल तेवढ्याच जागी ब्रश लावावा. संपूर्ण झाडावर फवारा मारू नये.

प्रादुर्भाव अनेक जागी पसरलेला असेल तर हाताने वेचून झाल्यावर निंबोळी तेल फवारावे. एक लिटर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण मिसळावा, मग पाच मिलिलिटर निंबोळी तेल घालून पाणी दुधाळ होईपर्यंत हलवावे. साबणाशिवाय तेल वर तरंगते आणि फवाऱ्यातून कधी नुसते पाणी तर कधी नुसते तेल बाहेर पडते. भांडी किंवा कपडे धुण्याची कडक पावडर साबणाऐवजी चालत नाही, तिने साल भाजते. फवारणी संध्याकाळी करावी, झाड दोन-तीन दिवस थेट उन्हात ठेवू नये, आणि शेंड्याच्या खळग्यात पाणी साचले असेल तर कुंडी तिरकी करून ते काढून टाकावे. तयार केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे, दुसऱ्या दिवशी ते निकामी होते.

दिवस मोजून परत येणे

वर सांगितलेले सगळे मनापासून केले तरी काही अंडी उरतातच. त्यांवर अल्कोहोलचा भरवसा नाही आणि निंबोळी तेलाचाही नाही. अंड्यातून पिल्ले बाहेर पडायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, हवा गार असेल तर जास्त. आणि पिल्लू बाहेर पडल्यावर त्याच्या अंगावर मेण चढण्याआधीचे थोडे दिवस हाच ते सहज मरण्याचा काळ असतो. म्हणून दर सात दिवसांनी तीच तपासणी आणि तोच उपाय, किमान चार वेळा करावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात झाडावर काहीच सापडत नाही आणि चौथी फेरी अनावश्यक वाटू लागते. नेमकी तीच फेरी चुकवू नये. मी कुंडीत एक लाकडी पट्टी खोचून ठेवतो आणि प्रत्येक फेरीची तारीख तिच्यावर पेन्सिलीने लिहितो, कारण मनात ठेवलेला आठवडा नेहमी दहा-बारा दिवसांचा होतो.

मातीखाली

माझ्याकडे बरीच पिल्ले धरलेला एक जुना मॅमिलारिया होता. दोन वर्षे त्याने वाढ धरली नाही आणि एरवी गोल मुकुटासारखी येणारी त्याची फुलेही आली नाहीत. मी जागा बदलली, पाणी वाढवले, मग कमी केले, खत दिले. अंगावर एकही कीड नव्हती, आणि दर आठवड्याला भिंगातून पाहून मी समाधान मानत होतो. एकदा कुंडी उचलताना झाड हातात आले, कारण त्याला धरून ठेवायला मूळच उरले नव्हते. कुंडीच्या आतल्या बाजूला पिठासारखा निळसर पांढरा थर होता आणि मुळांच्या उरलेल्या धाग्यांना तांदळाच्या कणीहून बारीक पांढरे किडे लगडलेले होते. तो निवडुंग वाचला नाही. त्यानंतर वाढ थांबलेल्या कोणत्याही झाडाची मुळे पाहिल्याशिवाय मी दुसरा काहीही उपाय करत नाही.

मुळांवरचे पिठ्या ढेकूण वरच्यांपेक्षा लहान असतात आणि मातीत मिसळलेल्या परलाइट या खनिजाच्या पांढऱ्या कणांत सहज लपतात. परलाइटचा कण कडक असतो व चिमटीत कुरकुरतो. किडीची पूड बोटाला मेणचट लागते, आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो न मुरता गोळी होऊन घरंगळतो. खात्री झाली की झाड कुंडीतून काढावे, जुनी माती पूर्णपणे झटकून ती पिशवीत बांधून टाकून द्यावी, दुसऱ्या कोणत्याही झाडाला वापरू नये. मुळे कोमट पाण्याच्या धारेखाली बोटांनी विंचरल्यासारखी धुवावीत, मेलेली आणि पोकळ मुळे निर्जंतुक कात्रीने कापावीत, आणि उरलेला मुळांचा गोळा वर सांगितलेल्या निंबोळी तेलाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून काढावा. कुंडी गरम पाणी आणि साबणाने घासावी. यानंतरची पायरी बहुतेकांना उलटी वाटते : झाड लगेच लावू नये. ओल्या, कापलेल्या मुळांत बुरशी आणि कूज शिरते. सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर कागदावर आडवे ठेवून मुळे कोरडी होऊ द्यावीत, मग नव्या, भरपूर खडा असलेल्या कोरड्या मातीत लावावे आणि आणखी आठवडाभर पाणी घालू नये. निवडुंग एवढी तहान आरामात सोसतो. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा एकदा कुंडीतून काढून पाहावे.

बाकीच्या किडी

खवले किडीचे कवच औषध आत शिरू देत नाही, म्हणून तिथे घासण्याला पर्याय नाही. मऊ दातघासणी साबणाच्या पाण्यात बुडवून काट्यांच्या दिशेने फिरवावी. मेलेली चकतीही सालीला चिकटून राहते, त्यामुळे उपाय लागू पडला की नाही ते नुसते पाहून कळत नाही. काडीने एखादी चकती दाबून पाहावी, ओल निघाली तर ती जिवंत होती, कोरडा कोंडा सुटला तर मेलेली. फड्या निवडुंगावर दाबल्यावर गर्द किरमिजी रंग निघाला तर ती कोचिनिअल नावाची वेगळी कीड असते, पांढऱ्या कापसाखाली लपणारी. तिच्याच एका जातीपासून शतकानुशतके कार्माइन हा मौल्यवान लाल रंग काढला गेला. ती जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने पाडावी आणि उरलेल्या जागी अल्कोहोल लावावे.

लाल कोळ्यांना उष्ण, कोरडी आणि कोंडलेली हवा मानवते. अशा हवेत त्यांची नवी पिढी आठवड्याच्या आसपास तयार होते. झाड सिंकमध्ये आडवे धरून पाण्याच्या बारीक पण जोरदार धारेने धुणे, त्याआधी मातीवर प्लास्टिक बांधून ती कोरडी ठेवणे, आणि हे तीन-चार दिवसांच्या अंतराने पाच-सहा वेळा करणे, एवढ्यानेच सुरुवातीचा प्रादुर्भाव बहुधा आटोक्यात येतो. तेवढ्याने भागले नाही तर पाण्यात विरघळणारे गंधक वेष्टनावरच्या प्रमाणात फवारावे. मात्र तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असताना गंधक वापरू नये, आणि तेलाची फवारणी व गंधकाची फवारणी यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. ही दोन्ही एकत्र आली की साल करपते.

मातीवर घोटाळणारी काळी बारीक चिलटे ही पाणी जास्त होत असल्याची खूण आहे. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतली बुरशी आणि कोवळी मुळे खातात, मोठ्या झाडाला फारसे करू शकत नाहीत, पण बियांपासून उगवलेल्या रोपांचा फडशा पाडतात. माती तळापर्यंत कोरडी होऊ द्यावी आणि उडणाऱ्या चिलटांसाठी कुंडीशेजारी पिवळा चिकट सापळा लावावा. माव्याला पाण्याची धार आणि साबण पुरतो. फुलकिडे असतील तर आधी फुले काढून टाकावीत.

रासायनिक औषधाचा प्रश्न

आंतरप्रवाही कीटकनाशके, म्हणजे मुळांवाटे झाडाच्या रसात उतरणारी औषधे, निवडुंगप्रेमी वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. इमिडाक्लोप्रिड हे त्यांतले सर्वांत परिचित. खूप काटेरी किंवा लोकरीने झाकलेल्या झाडाला, जिथे ब्रश पोहोचणे अशक्यच असते, त्यांचा उपयोग होतो हे मी नाकारत नाही. पण माझ्या मते ते शेवटचे साधन आहे. झाड वाढीच्या काळात असेल तरच ते औषध वर चढते, विश्रांतीच्या काळात ओतलेले वाया जाते. कोळ्यांवर त्याचा उपयोग नाही, उलट कोळ्यांचे शत्रू मरून कोळी वाढण्याची शक्यता असते. फुलांच्या मधात आणि परागांतही ते उतरते आणि मधमाश्यांना घातक ठरते, म्हणून कळ्या धरलेल्या किंवा बाहेर ठेवायच्या झाडाला ते कधीही देऊ नये. घरात मुले किंवा पाळीव प्राणी असतील तर अधिकच जपावे. वापरायचेच ठरले तर वेष्टनावरचे प्रमाण तंतोतंत पाळावे, हातमोजे घालावेत आणि काम घराबाहेर करावे.

बुंधा गेला, शेंडा वाचला

बुंधा दाबल्यावर मऊ लागत असेल किंवा मुळे पूर्ण संपली असतील, तर झाड टाकून देण्यापूर्वी शेंडा पाहावा. तो टणक आणि स्वच्छ असेल तर अल्कोहोलने पुसलेल्या धारदार सुरीने निरोगी भागात आडवा काप घ्यावा. कापलेल्या जागेवर तपकिरी वर्तुळ किंवा ठिपका दिसला तर कूज तिथवर पोहोचली आहे असे समजून, सुरी पुन्हा पुसून, आणखी वर कापत जावे. संपूर्ण काप एकसारखा फिकट हिरवा किंवा पांढरा दिसेपर्यंत थांबू नये. बारीक खोडाचा काप आठ-दहा दिवसांत सुकतो, मनगटाएवढ्या जाड खोडाला तीन-चार आठवडे लागतात. काप कोरडा, टणक आणि किंचित आत ओढलेला झाला की तो कोरड्या खडीच्या मातीवर नुसता टेकवून ठेवावा आणि मुळांचे पांढरे कोंब दिसू लागले की पाणी सुरू करावे.

असे नवे लावलेले झाड काय किंवा उपचार झालेले जुने काय, शेवटची कीड दिसल्याच्या तारखेपासून सलग सहा आठवडे एकही नवी कीड सापडली नाही, तरच ते इतर झाडांमध्ये परत न्यावे. बाहेरून आणलेल्या प्रत्येक नव्या निवडुंगालाही हेच सहा आठवडे वेगळे ठेवावे आणि आणल्या दिवशीच त्याची मुळे एकदा उघडून पाहावीत. परत आणलेली कुंडी पहिले काही महिने फळीच्या कडेला, शेजारच्या कुंडीला काटे टेकणार नाहीत एवढे अंतर सोडून ठेवावी, आणि तारखा लिहिलेली पट्टी तिच्यातच राहू द्यावी.